दोन दात कमी

स्पीडवेच्या मोटरसायकलला ब्रेक नसतो. गियर एकच, इंधन मिथेनॉल, आणि वळायचं ते फक्त डावीकडे, तेही मागचं चाक घसरवत. इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या मराठी मंडळींना गणपतीच्या जेवणाच्या रांगेत मी हे सांगितलं की सगळे आधी हसतात आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "आणि मुलीला हे करू देतोस तू?" जसं काही मीच तिला हाताला धरून त्या बाईकवर नेऊन बसवलं होतं. खरं म्हणजे एक अख्खा सीझन मी तिला त्या बाईकवरून उतरवायच्या खटपटीत होतो. ते कसं, हे आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही. सांगताना स्वतःचाच राग येतो, हे आधीच कबूल करतो.

मुलीला हे वेड लागलं बाराव्या वर्षी. शेजारचे एक निवृत्त गृहस्थ एका बुधवारी आम्हाला तासाभरावरच्या स्टेडियमवर घेऊन गेले. मी कानात बोटं घालून बसलो होतो आणि ती कठड्याला चिकटून उभी होती. मधली वर्षं सांगत बसत नाही. विसाव्या वर्षी ती ब्रिस्टलला इंजिनिअरिंग शिकत होती आणि त्याच स्टेडियमच्या टीममध्ये सात नंबरची रायडर होती. सात नंबर म्हणजे शेवटचा. लीगही दुसऱ्या दर्जाची. वरच्या लीगमधले लोक यावरच पोट भरतात. आमच्याकडे कोणी दिवसा प्लंबर, कोणी छपरं दुरुस्त करणारा, आणि संध्याकाळी सहाला सगळे आपापल्या व्हॅनमधून बाईक उतरवताना दिसणार. प्रत्येकाचा मेकॅनिक बहुतेक घरचाच असतो. बाप, भाऊ, नाहीतर नवरा. तिचा मेकॅनिक मी.

एरवी मी ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्ट करतो. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या, आणि नसल्या तर 'पास' लिहायचं. या कामानं माणूस संशयी होतो. मी घरचं दूधसुद्धा वास घेतल्याशिवाय चहात ओतत नाही. मुलगी मात्र तशी नव्हती. मी नट आवळला म्हटलं की तिच्या लेखी तो आवळलेला असायचा.

मॅचमध्ये पंधरा हीट्स असतात, म्हणजे पंधरा छोट्या शर्यती. प्रत्येकीत दोन आपले, दोन समोरच्यांचे. चार फेऱ्या, जेमतेम एक मिनिट. पहिल्याला तीन पॉइंट, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला भोपळा. त्यावरून प्रत्येकाची सरासरी निघते, आणि सीझनच्या मध्यावर मॅनेजर ती सरासरी बघून कुणाला ठेवायचं आणि कुणाला नारळ द्यायचा ते ठरवतो. मुलीनं त्या वर्षी एकच गोष्ट मनाशी धरली होती. सीझन संपेपर्यंत टीममध्ये राहायचं.

एप्रिलमध्ये, दुसऱ्याच मॅचला, आमच्या टीमचा एक रायडर पहिल्या वळणावर पडला. मागून येणाऱ्याला वळायला जागा नव्हती. स्टेडियममध्ये अशी शांतता पसरली की पार पलीकडे ॲम्ब्युलन्सचं दार लावलं तो आवाज मला पिट्समध्ये, बाईक तयार ठेवतात तिथे, ऐकू आला. त्याच्या कमरेचं हाड मोडलं होतं. तो पुढे बरा झाला, आता चालतो, थोडा लंगडतो. पण त्या संध्याकाळी आम्हाला काहीच माहीत नव्हतं. ट्रॅक्टरनं ट्रॅकवरची लालसर खडी पुन्हा सारखी केली, लाउडस्पीकरवर पुढची हीट पुकारली, आणि माझी मुलगी म्हणाली, "बाबा, गॉगल दे."

तिच्या आवाजात काही म्हणजे काही नव्हतं. मला त्या पडण्यापेक्षा या आवाजाची जास्त भीती वाटली.

तो आठवडा कसा गेला विचारू नका. मीटिंगमध्ये बसलो की पाय आपोआप हलायचा. फोनवर तीन-तीन ठिकाणी हवामान बघत होतो. पाऊस आला की मॅच रद्द होते, म्हणून या देशात राहून मी पावसासाठी देव पाण्यात ठेवून बसलो होतो आणि नेमकं लख्ख ऊन पडत होतं. बायको कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, काम करते, डोकं शांत ठेवणं हा तिचा नोकरीचाच भाग आहे. ती म्हणाली, "एवढा जीव टांगणीला लागतो तर तिला सरळ सांग, मला भीती वाटते म्हणून." मी म्हटलं, "सांगून ती काय थांबणार आहे?" सांगून बघितलं मात्र नाही.

पुढच्या बुधवारी ती चूक झाली. मागच्या चाकाला स्प्रॉकेट असतं, साखळी ज्यावर फिरते ते दातेरी चक्र. त्याला दात जितके जास्त तितकी बाईक सुरुवातीला जोरात झेपावते. या खेळात सुरुवात म्हणजे निम्मी शर्यत. सुरुवातीच्या रेषेवर ताणलेली टेप वर उडाली की पहिल्या वळणावर जो आधी पोचला त्याचं फावलं. ट्रॅक बघून रायडर सांगतो किती दातांचं हवं, मेकॅनिक ते बसवतो. ती म्हणाली, "साठ लाव." माझं लक्ष त्या पहिल्या वळणाकडे होतं. मी अठ्ठावन्नचं लावलं.

ती सगळ्यात मागे राहिली. बाकीचे तिघं एकमेकांना खांदे घासत वळणावर शिरले आणि ती त्यांच्या मागून, एकटी, मोकळ्या जागेतून गेली. चार फेऱ्या तिच्या आसपास कुणी नव्हतं. आठवड्यात पहिल्यांदा मी नीट श्वास घेतला.

दुसऱ्या दिवशी बाईक धुताना मला अठ्ठावन्न दिसलं. कुठल्याही शहाण्या माणसानं तिथेच तिला फोन लावला असता. मी फोन काढला, तिचं नाव समोर आणलं आणि फोन पुन्हा खिशात टाकला. मग मी जे केलं ते चूक या शब्दात बसत नाही. स्प्रॉकेटवर कोरलेले आकडे खडीनं घासून जातात म्हणून मी ते पांढऱ्या पेंट मार्करनं पुन्हा लिहीत असे. त्या गुरुवारी मी अठ्ठावन्नवर साठ लिहिलं. खरं साठाचं फडक्यात गुंडाळून टूलबॉक्सच्या तळाशी घातलं. बाकीच्या स्प्रॉकेटवरही मी खऱ्यापेक्षा दोन-दोन दात वाढवून आकडे लिहिले. माझं अक्षर चांगलं आहे. कुणाला संशय येण्यासारखं काही नव्हतं.

मे गेला, जून गेला. ती दर बुधवारी ब्रिस्टलहून ट्रेननं यायची, मी तिला स्टेशनवर घ्यायचो, आणि दर बुधवारी ती तिसरी नाहीतर चौथी यायची. मला वाटलं होतं मी तिला जपतोय. पण मागे राहणारा रायडर मोकळ्या जागेत राहत नाही, हे मला हळूहळू दिसायला लागलं. पुढच्या तिघांच्या चाकांखालची सगळी खडी त्याच्या तोंडावर येते. तिच्या गळ्यावर, हनुवटीखाली लाल चट्टे उठायचे. गॉगलवरचे पातळ पडदे एकामागून एक ओढून काढत ती जवळजवळ आंधळी चालवायची. आणि सुरुवातीला गेलेलं अंतर भरून काढायला ती आता जिथे जागाच नाही तिथे घुसत होती, कठड्याला लागून, दुसऱ्याच्या चाकाला चाक घासत. जूनमध्ये ती दोनदा पडली. दोन्ही वेळा उठून उभी राहिली, हात वर केला. माझ्या जिवाचं पाणी झालं, आणि तरी पुढच्या बुधवारी मी तेच खोट्या आकड्याचं स्प्रॉकेट लावलं. आता खरं लावलं असतं तर बाईक एकदम झेपावली असती आणि तिला कळलं असतं. मी माझ्याच खोड्यात अडकलो होतो.

ती सगळं तपासत होती. इंजिन ट्यूनरकडे पाठवलं, त्यानं सांगितलं, इंजिनात दोष नाही. क्लचच्या प्लेट बदलल्या, कार्ब्युरेटर उघडून पाहिला. इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, एकेक शक्यता बाद करत निघाली होती. बापानं लिहिलेला आकडा पडताळायचा असतो, हे मात्र तिच्या डोक्यातही आलं नाही. सगळं बाद झाल्यावर एकच गोष्ट उरली, ती स्वतः. मग तिनं फोनवर एक ॲप घेतलं, दिवा लागला की बोट टेकवायचं, प्रतिक्रिया किती जलद आहे ते कळतं. जेवताना, ट्रेनमध्ये, व्हॅनमध्ये तिचं ते टक टक चालू असायचं.

"आज पण स्लो," ती म्हणायची. "माझं टाइमिंग खराब झालाय, बाबा."

मी म्हणायचो, "होतं असं कधी कधी." आणि रस्त्याकडे बघत गाडी चालवायचो.

जुलैत मॅनेजरनं तिला बाजूला घेतलं. साठीचा, दाराच्या चौकटीएवढा माणूस, शब्द मोजून वापरणारा. दोन मॅचेस देतो, म्हणाला. त्यात काही दिसलं नाही तर दुसऱ्या कुणाला तरी घ्यावं लागेल. ती "थँक यू" म्हणाली. आभार कसले मानतेस, असं मला ओरडावंसं वाटलं.

त्या रविवारी सकाळी आम्ही घरासमोर बाईक धूत होतो. माझ्या हातात पाण्याचा पाइप, तिच्या हातात ब्रश. शेजारी गवत कापण्याचं मशीन चालू होतं. ती ब्रश थांबवून म्हणाली, "बाबा, मी उद्या त्यांना फोन करणार आहे. मी थांबते. त्यांनी काढायच्या आधी."

मी पाइप एकाच जागी धरून ठेवला.

"इट्स फाइन. काही लोकांना नाही जमत. मी ट्राय केला. मी फक्त तेवढी चांगली नाहीये."

मला जे हवं होतं ते माझ्या अंगणात चालत आलं होतं. मला फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. एक रविवार. उद्या फोन झाला असता, बाईक विकली गेली असती, आणि मी उरलेलं आयुष्य बुधवारी संध्याकाळी घरी बसून भाजी चिरली असती. ती सुखरूप राहिली असती, आणि आपण चांगल्या नव्हतो हे मनात घेऊन म्हातारी झाली असती. हे माझ्या लेकीच्या मनात मी घातलं होतं, माझ्या सुबक अक्षरात. पाइपमधून पाणी वाहत होतं, माझ्या बुटांत शिरत होतं.

"तू स्लो नाहीयेस," मी म्हटलं. "ते साठाचं नाहीये. अठ्ठावन्नचं आहे."

तिला आधी कळलंच नाही. मग तिनं स्प्रॉकेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"केव्हापासून?"

"एप्रिलपासून. पहिल्यांदा चुकून लागलं."

"आणि मग?"

"मग चुकून नाही."

ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं ब्रश बादलीत ठेवला, हात पॅंटला पुसले. "तुला माहितीये मागे काय असतं? मला काही दिसत नव्हतं, बाबा. मी फक्त आवाजावर चालवत होते. तू मला तिथे ठेवलास."

"मला भीती वाटत होती."

"मला पण वाटते! एव्हरी सिंगल टाइम! पण ते माझी भीती आहे ना. तू मला विचारलं का नाहीस?"

ती आत गेली. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, बायकोनं सगळं ऐकलं होतं. पुढचे चार दिवस ती माझ्याशी फक्त कचऱ्याच्या डब्यांबद्दल बोलली, हिरवा आज बाहेर ठेवायचा की निळा. मी ऑफिसात एका दिवसात तीन रिपोर्टवर 'पास' लिहिलं आणि तिन्ही पुन्हा उघडून पहिल्यापासून तपासले.

मॅनेजरला फोन मुलीनं केला नाही. टूलबॉक्स स्वतः उपसला, प्रत्येक स्प्रॉकेटवरचा पांढरा आकडा थिनरनं पुसून काढला. त्या दोनपैकी पहिल्या मॅचला तिनं टीममधल्या दुसऱ्या एका रायडरच्या वडिलांना मदतीला घेतलं आणि मला सांगितलं, "तू पिट्समध्ये येऊ नको." मी तिकीट काढून प्रेक्षकांत बसलो. भोवतालची म्हातारी माणसं मांडीवर कार्यक्रमपत्रिका ठेवून प्रत्येक हीटचे पॉइंट पेनानं भरत होती. मी पत्रिका घेतली होती, पण माझ्या हातून एक आकडा लिहवेना. ती एकदा दुसरी आली, एकदा तिसरी, आणि एकदा तीन महिन्यांत हरवलेली झेप परत मिळाल्यासारखी इतकी जोरात सुटली की वळणावर बाईक तिच्या हातात राहिली नाही आणि ती चौथी आली. मॅनेजरचा चेहरा होता तसाच होता.

दुसऱ्या मॅचच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. "ते अंकल हॉलिडेला गेलेत. दुसरा कोणी नाही मिळाला. तू ये."

मी गेलो. ती म्हणाली, "साठ," मी साठ लावलं. मग ती चाकाशी गुडघ्यांवर बसली, एका दाताला बोट लावलं आणि चाक फिरवत एकेक दात मोजला. साठही. शेजारच्या टीमचा मेकॅनिक गंमत वाटून हसला. त्याला काय माहीत. दर हीटच्या आधी ती तशी बसली आणि दर वेळी मी हातात स्पॅनर घेऊन बाजूला उभा राहिलो. लाज वाटली का? वाटली. कानापर्यंत तापलो होतो. पण तिनं मोजू नये असं एकदाही वाटलं नाही.

तेराव्या हीटपर्यंत तिच्या नावावर दोन तिसरे नंबर आणि एक भोपळा होता. मॅनेजर येऊन म्हणाला, चौदाव्यात काहीतरी दाखव. एवढंच. तिची जागा या एका मिनिटावर आली होती. ट्रॅक आता जड झाला होता, पाणी मारलं होतं. ती म्हणाली, "एकसष्ट." मी चाक सोडलं, स्प्रॉकेट बदललं, चाक बसवलं, साखळी ताणली, आणि शेवटचा नट आवळतो तोच भोंगा वाजला. भोंग्यानंतर दोन मिनिटांत टेपपाशी पोचला नाहीत तर बाद.

तिनं घड्याळाकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आणि हेल्मेट उचललं. न मोजता निघाली होती.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मी तिचे डोळे पाहिले होते. तिथे माझ्यावरचा विश्वास वगैरे काही नव्हतं, वेळ संपली होती एवढंच होतं. डोक्यात ती शंका घेऊन ती टेपपाशी उभी राहिली असती, आणि त्या शंकेनं ती दोन दातांपेक्षा जास्त मागे राहिली असती.

"थांब," मी म्हटलं. "मोज."

"टाइम नाहीये!"

"आहे. मोज."

मी स्पॅनर टाकला, क्लच दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवू लागलो. ती हेल्मेट काखेत धरून खाली बसली. बोट प्रत्येक दातावर. मी तिच्या वेगानं फिरवत होतो, ना हळू ना जोरात. मॅनेजर कुठून तरी ओरडत होता. मोजताना ती चाळीसच्या आसपास अडखळली, मी थांबलो, तिनं मान हलवली, मी पुन्हा फिरवलं.

"सिक्स्टी-वन," ती म्हणाली. मी बाईक ढकलली, इंजिन धडधडलं, आणि ती गेली. ती टेपपाशी पोचली तेव्हा घड्याळात पाच-सहा सेकंद उरले असतील.

टेप उडाली आणि ती पहिली बाहेर पडली. पहिल्या तीन फेऱ्या ती सगळ्यांच्या पुढेच होती. मी पिट्सच्या फाटकाशी उभा राहून ओरडत होतो, जा, जा, अजून जोरात जा, आणि ते माझंच तोंड होतं यावर माझा विश्वास बसत नव्हता. शेवटच्या वळणावर समोरच्या टीमचा एकजण आतून घुसला आणि अर्ध्या चाकानं पुढे गेला. ती दुसरी आली. मॅनेजर आला, तिच्या हेल्मेटवर टपली मारली आणि म्हणाला, पुढच्या बुधवारी सहाला. जणू दुसरं काही कधी ठरलंच नव्हतं. मी टूलबॉक्सवर बसलो आणि रडलो. कुणी बघितलं असेल तर बघितलं असेल.

आम्ही व्हॅनमध्ये बाईक चढवली. पट्टे बांधून झाले, मी ते ओढून पाहिले, मग तिनंही ओढून पाहिले.

"मी नेहमी मोजणार, बाबा," ती म्हणाली. "ऑलवेज. तू चांगला वागलास तरी."

"मोज," मी म्हटलं. "चाक मी फिरवीन."